डिस्पोजेबल हीट पॅकचं तापमान कंट्रोल कसं करायचं? आईला शेक द्यायचाय

निळीछत्री

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, प्लीज शेवटपर्यंत वाचा. आईचं वय ७४. गुडघे आणि कंबर दोन्ही धरतात, थंडीत तर सकाळी उठून बसायलाच तिला वेळ लागतो. शेक दिला की बरं वाटतं. पण गरम पाण्याची पिशवी भरताना तिचे हात थरथरतात म्हणून ती बंद केली, इलेक्ट्रिक पॅड रात्री चालू राहील याची मला धास्ती, म्हणून भावाने ते डिस्पोजेबल हीट पॅक आणून दिले, बाहेरचं पाकीट फाडलं की हवा लागून आपोआप गरम होतात ते. आईला फारच आवडलेत, हलके आहेत, कपड्याला चिकटतात आणि ती ते लावून घरभर फिरते.

आता अडचण अशी की पाकिटावर लिहिलंय कमाल तापमान ६३ अंश, सरासरी ५१ अंश, १२ तास चालेल. मी हे वाचून घाबरले कारण ६३ अंशाच्या पाण्यात आपण बोट पण घालणार नाही. आणि दुसरं म्हणजे आईला बरीच वर्षं डायबिटीस आहे, तळपाय बधिर असतात, पायाला काही टोचलं तरी तिला पटकन कळत नाही. परवा कंबरेचा पॅक काढला तर खाली लाल चट्टा होता, तासाभरात गेला, पण तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

तर विचारायचं होतं की या पॅकचं तापमान आपल्याला कमी जास्त करता येतं का? मध्ये टॉवेल घडी करून ठेवला की पुरे का? आणि तिला तो रात्री लावून झोपायचं असतं, ते चालेल का? ती म्हणते एवढं छान वाटतं तर काढतेस कशाला. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, "काळजी घ्या" एवढंच नको, नेमकं काय करायचं ते पाहिजे.

गंजपट्टी

ताई, प्रश्न फार महत्त्वाचा विचारलात. मी पॅकेजिंग फिल्मच्या धंद्यात आहे, या पॅकची पिशवी ज्या फिल्मची बनते तसल्याच मालाशी रोजचा संबंध, म्हणून आत काय चाललेलं असतं ते आधी सांगतो, मग टॉवेलचं उत्तर आपोआप कळेल.

आत लोखंडाची बारीक भुकटी असते, थोडं पाणी, मीठ, अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि पाणी धरून ठेवायला व्हर्मिक्युलाइटसारखं काहीतरी. पाकीट फोडलं की लोखंड गंजायला लागतं. खिडकीचा गज गंजतो तेव्हाही उष्णता निघतेच, पण ते इतकं हळू होतं की आपल्याला कळत नाही, इथे भुकटी बारीक आणि मीठ सोबतीला, म्हणून तेच काम काही तासांत उरकतं. १ ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं तर साधारण ७ किलोज्यूल उष्णता निघते. समजा पॅकमध्ये २० ग्रॅम लोखंड आहे आणि ते १० तासांत संपतं, तर सरासरी ४ वॅटच्या आसपास पडतात. आकडा छोटा दिसतो, पण तळहाताएवढ्या जागेवर तासनतास लागून राहिला तर छोटा नाही.

आता कंट्रोलचं. या पॅकला थर्मोस्टॅट नसतो. किती वेगाने तापायचं हे ठरतं आत किती हवा शिरते त्यावरून, आणि ती हवा मोजून सोडायचं काम पिशवीच्या सूक्ष्म छिद्रांच्या फिल्मचं. कंपनी तापमान सेट करते ते या छिद्रांमधून. म्हणजे उष्णता तयार होण्याचा वेग हवेने बांधलेला आहे. पण पॅक किती अंशांवर जाऊन थांबेल हे मात्र तेवढ्यावर ठरत नाही, तयार झालेली उष्णता बाहेर किती पटकन निघून जाते त्यावरही ठरतं. टेबलावर उघडा ठेवला तर एका अंशावर स्थिरावेल, तोच पॅक स्वेटर आणि वर जाड पांघरूण यांच्यात दाबून ठेवला आणि हवा पुरेशी मिळत राहिली तर कितीतरी वर जाईल. पाकिटावरचा ६३ आणि ५१ हा ठराविक टेस्टच्या परिस्थितीतला आकडा आहे, आईच्या कंबरेवरचा नाही. कंबरेवर तो कमी असू शकतो तसाच जास्तही असू शकतो.

म्हणून टॉवेलचं उत्तर: टॉवेल कुठल्या बाजूला आहे ते बघा. त्वचा आणि पॅक यांच्या मध्ये टॉवेल, आणि पॅकची दुसरी बाजू मोकळी, तर उष्णता बाहेरच्या अंगाने निघून जाते आणि त्वचेकडे कमी येते. हे बरोबर. पण मध्ये टॉवेल घातला आणि वरूनही शाल, रजई, कंबरेचा पट्टा असं सगळं चढवलं तर उष्णतेला दोन्हीकडून वाट बंद, पॅक स्वतःच जास्त तापतो आणि टॉवेलचा फायदा बराचसा वाया जातो. लोक नेमकं हेच करतात, कारण थंडी वाजत असते म्हणूनच तर पॅक लावलेला असतो.

दोन पॅक एकावर एक ठेवणं तर नकोच, मधल्या उष्णतेला जायला जागाच राहत नाही.

जुनाजाणता

एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात, जगभर लोक वापरतात हे पॅक. गरम लागायला लागलं की माणूस आपणहून काढून ठेवतोच की. आईंना छान वाटतंय तर वापरू द्या.

फिजिओताई

जुनाजाणता, तुमचा मुद्दा तब्येत धडधाकट असलेल्या, जाग्या माणसापुरता खरा आहे. निळीछत्रीच्या आईंच्या बाबतीत तो लागू होत नाही आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण अशा जखमा मी ड्रेसिंगला येताना बघते.

आपल्याला "पोळतंय" हे कळतं ते त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांमुळे, साधारण ४३ अंशांच्या पुढे त्यातला एक ठराविक रिसेप्टर जागा होतो (याच कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं). डायबिटीसमध्ये हेच मज्जातंतू खराब होतात. मग गरम लागत नाही, काढायची बुद्धी होत नाही आणि त्वचा मात्र भाजत राहते. वर रक्ताभिसरण कमी असेल तर आणखी वाईट, कारण एरवी वाहतं रक्तच त्या जागेची उष्णता उचलून दुसरीकडे नेत असतं. झोपेच्या गोळ्या, दारू, अर्धांगवायू, पाठीच्या कण्याची दुखापत, खूप म्हातारपण, अगदी लहान बाळ, सगळ्यांना हेच लागू.

आता अंश आणि वेळ. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा खेळ यावर आहे. मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये यावर प्रयोग छापले, आजही सगळे तेच आकडे धरून चालतात. ६० अंशाला काही सेकंदांत त्वचा भाजते, हे सगळ्यांना पटतं. पण ४४ अंशालासुद्धा भाजते, फक्त तिथे साधारण ६ तास लागतात. आणि ४४ ते ५१ च्या दरम्यान दर एका अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होत जातो. म्हणजे ४५ ला ३ तासांच्या आसपास, मग दीड, मग पाऊण. आणि ही सगळी तापमानं त्वचेची आहेत, पॅकची नाहीत. ४४ अंश हाताला गरम लागतं हो, पण झटकन हात मागे घ्यावा इतकं पोळत नाही. म्हणूनच झोपेत हे होतं, रात्र ६ तासांहून मोठी असते.

अशा हळूहळू भाजलेल्या जखमेचा त्रास हा की वरून ती किरकोळ दिसते. एखादा लाल डाग, बारीक फोड. पण उष्णता तासनतास आत झिरपलेली असते, त्यामुळे खालपर्यंत नुकसान झालेलं असतं आणि काही दिवसांनी ती जागा पांढरी किंवा काळपट पडते. डायबिटीस असलेल्या माणसाच्या पायावर अशी जखम म्हणजे महिनोनमहिने.

ताई, तुमच्यासाठी सरळ उत्तर:

रात्री झोपताना लावायचा नाही. यात मधला मार्ग काढू नका. झोपायच्या आधी अंथरूण गरम करायला पॅक वापरा आणि आई आडव्या व्हायच्या आधी काढून घ्या.

पायाला, पोटरीला, जिथे बधिरपणा आहे तिथे अजिबात नाही, टॉवेल घालूनही नाही. पाय गार पडत असतील तर जाड मोजे. कंबर, खांदे इथे संवेदना शाबूत असेल तर चालेल, पण आधी तपासा. दोन चमच्यांपैकी एक कोमट पाण्यात आणि एक साध्या पाण्यात बुडवून, पुसून, त्यांना डोळे मिटायला सांगून त्या जागेला लावा आणि कुठला गरम ते विचारा. चुकत असतील तर तिथे शेक नाही. गुडघ्याला पण हीच परीक्षा, बधिरपणा पायात वर कुठपर्यंत चढलाय ते तुम्हाला माहीत नाही.

लावलाच तर १५ ते २० मिनिटं, मग काढून त्वचा बघायची. पाकिटावरचे १२ तास हे पॅक किती वेळ गरम राहील याचे आहेत, अंगावर किती वेळ ठेवायचा याचे नव्हेत. तुम्ही जो लाल चट्टा सांगितलात तो तासाभरात गेला हे ठीक, पण तो इशारा होता. आणि रोज एकाच जागी शेक घेतला तर भाजलं नाही तरी त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, ते दिसले तर शेक बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणि डॉक्टरांना एकदा विचाराच की यांना शेक चालतो का, कारण पायाचं रक्ताभिसरण कसं आहे ते मला इथून दिसत नाही.

निळीछत्री

बाप रे. दोघांचेही खूप आभार, एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. रात्रीचं आजपासून बंद. चमच्याची परीक्षा उद्या सकाळी घेते.

गंजपट्टी दादा, एक विचारू का, छिद्रांवर सगळं अवलंबून असेल तर ती छिद्रं आपण थोडी झाकली तर? म्हणजे चिकटपट्टी लावून? आणि २० मिनिटांनी काढायचा तर मग उरलेल्या पॅकचं काय, तो फेकायचाच का?

गंजपट्टी

तत्त्व बरोबर पकडलंत. हवा जाणारी बाजू अर्धी झाकली तर उष्णता कमी तयार होते, हे होतंच. चिकटणाऱ्या पॅकमध्ये बहुतेक वेळा गोंदाची बाजू बंद असते आणि हवा दुसऱ्या, कापडासारख्या बाजूने जाते. पण आईसाठी हा उद्योग करू नका. पट्टीखालची भुकटी गार राहते, उघड्या भागाखालची तापते, सरासरी कमी झाली तरी एखाद्या ठिकाणी चटका बसू शकतो, आणि पट्टी घामाने सुटली की पॅक परत पूर्ण जोरात. अंगाला लावायच्या वस्तूवर असा भरवसा नको. खोक्यात रोपं किंवा मासे पाठवणारे लोक हे करतात, तिथे गोष्ट वेगळी. (त्यांनी पण एक लक्षात ठेवावं, पॅक खोक्यातला ऑक्सिजन खातो, म्हणून खोक्याला भोकं हवीत, नाहीतर पॅक विझतो आणि आतल्या जीवाचाही श्वास कोंडतो.)

उरलेल्या पॅकचं मात्र मस्त सोपं आहे. झिपवाली जाड पिशवी घ्या, पॅक आत टाका, दाबून दाबून सगळी हवा काढा आणि बंद करा. आत राहिलेला ऑक्सिजन संपला की गंजणं थांबतं, पॅक गार होतो. परत हवा तेव्हा काढा, थोडा हलवा, पुन्हा तापेल. पातळ प्लॅस्टिकची साधी पिशवी नको, तिच्यातून हवा झिरपत राहते. मला विचाराल तर या पॅकचं घरी करता येण्यासारखं खरं कंट्रोल हेच: हवा चालू, हवा बंद, आणि घड्याळ.

पहिल्या तासाबद्दल पण सांगतो. पाकीट फोडल्यावर लगेच अंगाला लावू नका. चढायला १० मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि कमाल आकडा साधारण सुरुवातीच्या टप्प्यातच येतो. लोक पाकीट फोडतात, गार लागला म्हणून चिकटवतात, वर कपडे घालतात आणि विसरतात, आणि तो कपड्यांच्या आत चढत जातो. आधी टेबलावर चढू द्या, हाताने बघा, मग लावा.

अजून एक, बुटात घालायचे पॅक वेगळे येतात. बुटात हवा कमी म्हणून ते कमी हवेवरही तापतील असे केलेले असतात. तो पॅक बाहेर मोकळ्या हवेत काढून हातात धरला किंवा कंबरेला लावला तर ठरल्यापेक्षा जास्त तापतो. ज्या जागेसाठी आहे तिथेच वापरायचा. आणि घरात कोणी ऑक्सिजनवर असेल तर त्यांच्या नळीजवळ, मास्कजवळ हा पॅक नकोच, जास्त ऑक्सिजन मिळाला की जास्त तापणार.

उंचवाटा

मी ट्रेकिंगवाला, त्यामुळे थंडीच्या बाजूने लिहितो, कारण "सेफ वॉर्मिंग" म्हणून लोक हे पॅक चुकीच्या जागीही वापरतात.

वर ४ वॅटचा हिशोब आलाय तो वाचून बरं वाटलं. शांत बसलेल्या माणसाचं शरीर स्वतः ८० ते १०० वॅट उष्णता बनवत असतं. त्यामुळे कोणी गारठून कापायला लागलाय, बोलताना अडखळतोय, तर खिशातले दोन हँड वॉर्मर देऊन तो सावरणार नाही. ओले कपडे काढा, वाऱ्यापासून आडोसा, खाली मॅट, वर कोरडं पांघरूण, शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय, हे आधी. हीट पॅक लावायचेच तर मोठे, आणि छाती, पाठ, काखा इथे, कपड्यावरून. हातापायांना नाही. आणि लावले की दर थोड्या वेळाने त्याखालची त्वचा बघायची, कारण गारठलेल्या त्वचेला पोळलेलं कळत नाही, तीच आईंच्या बधिर पायाची गोष्ट.

बर्फाने बोटं पांढरी, लाकडासारखी कडक झाली असतील तर त्यावर हा पॅक थेट ठेवू नये, भाजणं हमखास. तिथे ३७ ते ३९ अंशांचं पाणी लागतं, तेही परत गोठायची शक्यता नसेल तरच.

आणि उंचावर पॅक "खराब निघाला" म्हणून लोक ओरडतात. खराब नसतो. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, ऑक्सिजनही तेवढाच, मग पॅक मंद चालणारच. तो गरम होत नाही म्हणून चार पॅक एका मोज्यात कोंबू नका, खाली उतरलात, हवा वाढली की ते जोर धरतात.

मोजपट्टी

तापमान मोजायचं कसं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

तापाचं डिजिटल थर्मामीटर चालत नाही, ते साधारण ४२-४३ च्या वर गेलं की नुसतं "हाय" दाखवतं. कपाळासमोर धरायची तापाची गन तर मुळीच नको, ती कपाळाच्या हिशोबाने आकडा बदलून दाखवते. वर्कशॉपवाली इन्फ्रारेड गन पॅकच्या कापडी बाजूवर बरी चालते, पण ती बाहेरचा पृष्ठभाग दाखवते आणि आपल्याला पाहिजे ते पॅकच्या खाली, त्वचेला लागून.

त्यासाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेलं थर्मामीटर घ्या, फिशटँकमध्ये वापरतात तसलं किंवा मल्टीमीटरला लागणारं थर्मोकपल. सेन्सरचं टोक टॉवेलच्या आतल्या बाजूला, जिथे त्वचा असेल तिथे. आधी स्वतःच्या पोटावर किंवा मांडीवर करून बघा, आईंवर नाही. पॅक लावा, वर त्या नेहमी घालतात तेवढे कपडे घाला आणि आकडा बघत राहा. पहिल्या पाच मिनिटांत थांबू नका, तो चढतच राहतो. मी पांघरूण घेऊन आणि न घेता असं करून बघितलंय, गंजपट्टी म्हणतात तो फरक स्पष्ट दिसतो. तेच खुर्चीला टेकून बसलं की परत बदलतं, कारण पाठीमागून वाट बंद.

आकडा किती असावा? बाजारात कमरेला दिवसभर लावायचे जे पॅक येतात त्यातले काही ४० अंशांच्या आसपास राहतील असे बनवलेले असतात. मी तोच आकडा डोळ्यासमोर ठेवतो. सेन्सरवर ४२ दिसलं की एक थर वाढवायचा किंवा बाहेरचं पांघरूण काढायचं. सुती कापड कोरडंच पाहिजे, ओल्या कापडातून उष्णता भसकन जाते आणि घामाने ते ओलं होतंच, म्हणून बदलत राहा.

ताई, ६३ वाला पॅक परत आणण्यापेक्षा कमी कमाल तापमानाचा मिळतो का बघा ना. टॉवेलच्या घड्या मोजत बसण्यापेक्षा ते सोपं.

चिमणपाखरू

मध्येच विचारते, माझं बाळ १ महिन्याचं आहे, हातपाय गार लागतात. त्याच्या पांघरुणात एखादा छोटा पॅक ठेवला तर चालेल का, अंगाला न लावता?

फिजिओताई

नाही, कृपा करून नको. बाळ सरकतं, पॅक सरकतो, बाळाला बाजूला होता येत नाही आणि त्याची त्वचा फार पातळ असते. दवाखान्यात बाळांसाठी वापरतात ते पॅक ४० अंशांच्या आसपास मर्यादित ठेवलेले वेगळे असतात आणि तेही कोणीतरी समोर उभं राहून वापरतं. तुम्ही बाळाला उघड्या छातीशी धरा, डोक्याला टोपी, दोघांवर मिळून पांघरूण. हातपाय गार पण छाती-पोट ऊबदार असेल तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ पाहिजे, त्याखाली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त वाटत असेल तर लगेच डॉक्टर.

आणि घरात रांगणारं मूल किंवा कुत्रं असेल तर वापरलेले पॅकसुद्धा वर ठेवा. फोडून भुकटी पोटात गेली तर लोखंडाची विषबाधा होऊ शकते, तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठायचा.

जुनाजाणता

फिजिओताई, तुमचं वाचलं, ४४ अंशाचं मला माहीत नव्हतं. माझ्या मोठ्या भावाला डायबिटीस आहे, त्याला आजच फोन करतो. एक शंका, ते दुसरे पॅक येतात ना, आत धातूची चकती असते, ती वाकवली की पांढरं होऊन गरम होतं, ते यापेक्षा सेफ का?

गंजपट्टी

त्यात सोडियम अॅसिटेटचं पाणी असतं. ते ५८ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गोठताना त्यापेक्षा वर जाऊ शकत नाही, कितीही पांघरा. हा त्याचा मोठा गुण, निसर्गानेच लावलेली मर्यादा. आणि उष्णता ठराविकच असल्यामुळे साधारण अर्ध्या-एक तासात उतरायला लागतो, रात्रभर अंगाशी तापत बसत नाही. पण ५८ जवळचा आकडा त्वचेला थेट लागला तर एका मिनिटाच्या आतच भाजू शकतं, म्हणून कापड हवंच. उकळून परत वापरता येतो, तेव्हा उकळत्या पाण्यातून काढून लगेच अंगाला लावू नका, आधी पूर्ण गार होऊ द्या आणि मग चकती वाकवा.

तिसरा प्रकार, मुठीने दाबून आतली पाण्याची पिशवी फोडायची आणि मीठ विरघळून गरम होतं तो, बहुतेक कॅल्शियम क्लोराइडचा. तो एकदम चढतो आणि मग उतरत जातो. तापलेल्या गाडीत पडून राहिलेला असेल तर सुरुवातच वरून होते, त्यामुळे जास्त गरम होतो. फुटून गळला तर त्वचा भरपूर पाण्याने धुवा.

निळीछत्री

अपडेट देते. चमच्याची परीक्षा केली. कंबरेला आईने बरोबर ओळखलं, उजव्या गुडघ्यालाही बरोबर, डाव्या गुडघ्याच्या खाली मात्र दोन्ही चमचे सारखेच म्हणाली. मला वाटत होतं बधिरपणा तळपायापुरताच आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोवर पायाला काहीच नाही. कंबरेला सकाळी खुर्चीत सरळ बसलेली असताना, मध्ये टॉवेल, पाठ न टेकता, २० मिनिटांचा गजर लावून. नंतर पॅक झिपच्या पिशवीत. आज परत काढला तर खरंच पुन्हा तापला.

एक राहिलंच विचारायचं. कंबरेला ती कधी कधी दुखण्यावरची औषधी पट्टी लावते, चिकटणारी. पट्टीच्या जागेवर वरून पॅक लावला तर दुप्पट आराम पडतो म्हणते. ते चालतं ना?

फिजिओताई

नाही चालत, आणि बरं झालं विचारलंत. आधी पट्टीवरचं नाव वाचा. फेंटॅनिलची (अफूच्या जातीचं फार तीव्र वेदनाशामक) असेल तर उष्णतेने औषध त्वचेतून ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने रक्तात जातं, श्वास मंदावण्यापर्यंत वेळ येऊ शकते, त्या पट्टीच्या जवळपाससुद्धा पॅक नको, पट्टी अंगावर आहे तोवर शेक हा विषयच बंद. मिरचीचं सत्त्व किंवा मेंथॉलवाली साधी पट्टी किंवा बाम असेल तर ते स्वतःच त्वचेला गरम-गार भासवतं, त्यावर पॅक ठेवला की खरी उष्णता किती आहे ते कळत नाही आणि लोक भाजून घेतात. पट्टी काढून, जागा साबणाने धुऊन, कोरडी करून, त्वचेची लाली पूर्ण गेल्यावरच शेक. एका दिवशी पट्टी आणि दुसऱ्या दिवशी शेक असं ठेवलंत तर उत्तम.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा पट्टीचं पाकीट आणि हीट पॅकचं पाकीट दोन्ही बरोबर न्या आणि चमच्याचा निकाल सांगा, डाव्या पायाचा आवर्जून. आणि मध्यंतरी कधी फोड दिसलाच तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडू नका, आणि कितीही छोटा असला तरी त्याच दिवशी दाखवा.

निळीछत्री

पट्टी मेंथॉलची आहे, आत्ताच बघितलं. काढून जागा धुतली. आजचा शेक रद्द, उद्या सकाळी बघू. आईला पण तुमचं सगळं वाचून दाखवलं, डाव्या पायाचं ऐकून ती स्वतःच म्हणाली डॉक्टरांची वेळ अलीकडची मिळते का बघ.

फिजिओताई

हो, अलीकडची घ्याच. पायाच्या तपासणीत बोटांच्या मधल्या फटी आणि टाचाही बघायला सांगा, आणि तोवर रोज रात्री तुम्ही स्वतः तळपाय उजेडात बघत जा.